नाव विचारलं, आणि छापल्या तीन फुल्या

मागच्या रविवारी घरी मिठाचा चहा केला. चुकून नाही, मुद्दाम. रशियातले कल्मिक लोक करतात तसा. हिरव्या चहाची जाडी पत्ती चांगली पंधरा-वीस मिनिटं रटरट उकळायची, गाळायची, मग त्यात भरपूर दूध, मीठ, लोण्याचा गोळा आणि थोडं किसलेलं जायफळ, आणि मुख्य काम म्हणजे पळीने उचलून उंचावरून परत पातेल्यात सोडत राहायचं, आपला अमृततुल्यवाला करतो तसं, म्हंजे दूध-लोणी-पाणी सगळं एकजीव होतं. त्यांच्याकडे या चहाची विटेसारखी दाबलेली वडी मिळते, जाड पानं आणि काड्यांची, ती सुरीने फोडून घेतात. मला ती काही मिळाली नाही. बायकोने एक घोट घेतला आणि म्हणाली हे सूप आहे, चहा म्हणू नकोस. आईने मात्र अख्खा कप संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "पण त्या लोकांना जायफळ कुठून मिळतं?"

आता आईची ओळख एवढीच की सातवीपर्यंत शाळा, आणि लोकांची ब्लाउजं-परकर शिवून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं. इतिहास वगैरे तिचा प्रांत नाही असं ती स्वतःच म्हणते. पण मी गेले सात-आठ महिने कल्मिकांवर जे सापडेल ते वाचतोय आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. व्होल्गाच्या खालच्या अंगाला, कॅस्पियनच्या काठाला, जिथे धड झाड उगवत नाही अशा गवताळ माळावर, इंडोनेशियाच्या बेटांवरचं जायफळ आणि चीनमधून आलेला चहा एका कढईत कसे काय भेटले? या एका प्रश्नातून व्यापाराचे रस्ते, जत्रा, बाजार, उधारी, कोणाच्या घरी जायफळ पडायचं आणि कोणाच्या नाही, सगळं निघतं. सोव्हिएत काळात चहाची वीट जॉर्जियातून यायला लागली, तेही निघतं. आणि हे सगळं कुठल्याही खानाचं नाव न घेता.

माझं म्हणणं यावरच आहे. कल्मिकांचा इतिहास शिकायचा तर रोजच्या जगण्यापासून शिकावा, पण "रोजचं जगणं" म्हणजे काय हे आधी नीट ठरवावं. कारण त्या नावाखाली जे बरंच काही विकलं जातं ते म्हणजे नमद्याचा (लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा) तंबू, मिठाचा चहा आणि नाचणाऱ्या पोरी. ते बघून मला आपल्याकडची "ग्रामीण संस्कृती" थीमची रिसॉर्टं आठवतात, चुलीवरची भाकरी अडीचशे रुपयांना.

ज्यांना हे लोक माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळचे पश्चिमेकडचे मंगोल, ओइरात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गुरंढोरं घेऊन चीनच्या वायव्येकडच्या झुंगारियातून निघाले आणि व्होल्गाच्या काठी येऊन राहिले. धर्म बौद्ध, तिबेटी परंपरेतला. १७७१ च्या जानेवारीत उबाशी खानाच्या मागे दीड लाखाहून जास्त माणसं परत पूर्वेकडे निघाली, निम्मीसुद्धा नीट पोचली नाहीत. नदीच्या पश्चिमेकडे जे होते ते मागे राहिले, कारण त्या वर्षी व्होल्गा गोठलीच नाही आणि पलीकडे जाता आलं नाही. आजचे कल्मिक बऱ्याच अंशी त्यांचे वंशज. आज रशियात त्यांचं प्रजासत्ताक आहे, आकार महाराष्ट्राच्या पावपट आणि माणसं पावणेतीन लाखांच्या आत. राजधानी एलिस्ता. बुद्धिबळवाल्यांना हे नाव माहीत असेल, २००६ ला क्रामनिक आणि तोपालोव्हची विश्वविजेतेपदाची मॅच तिथेच झाली आणि संडासावरून भांडण झालं. जगाला एलिस्ता कळलं ते असं.

तर मूळ मुद्दा. १८२९ मध्ये रशियन कवी पुश्किन कॉकेशसकडे जाताना वाटेत एका कल्मिक तंबूत शिरला. नंतर त्याने ते प्रवासवर्णनात लिहिलं, १८३६ ला छापून आलं. आत एक तरुण बाई शिवत बसली होती आणि तंबाखू ओढत होती. हा शेजारी जाऊन बसला, नाव विचारलं, वय विचारलं, तिने अठरा सांगितलं, मग विचारलं काय शिवतेस, ती म्हणाली विजार, कोणासाठी, तर स्वतःसाठी. मग तिने त्याला आपली चिलीम दिली आणि जेवायला लागली. कढईत चहा उकळत होता, मेंढीची चरबी आणि मीठ घातलेला. तिने आपली पळी पुढे केली. पाहुणा नाही म्हणाला नाही, कसाबसा प्यायला आणि लिहून ठेवलं की यापेक्षा वाईट पदार्थ दुसऱ्या कुठल्या देशाच्या स्वयंपाकघरात होत असेल असं वाटत नाही. तोंडाची चव बदलायला काहीतरी मागितलं तर तिने वाळवलेल्या घोडीच्या मांसाचा तुकडा दिला. छापील पुस्तकात नाही, पण त्याच्या आधीच्या टिपणांत असंही आहे की साहेबांनी मुका मागितला, आणि शेवटी तिने बलालाइकासारखं कसलंसं वाद्य डोक्यात घातलं. बहुतेक दोंब्र असणार, कल्मिकांचं दोन तारांचं वाद्य. झालं, साहेब बाहेर.

यात काय नाहीये सांगा. शिवणकाम, कपडे, बायकांनी तंबाखू ओढणं, पाहुणचार, एकाच पळीने खाणं-पिणं, वाळवण, वाद्य, परक्या पुरुषाला डोक्यात हाणायची मुभा. एका परिच्छेदात अख्खं घर. आणि नाव? पुश्किनने नाव विचारलं होतं. छापताना त्या जागी तीन फुल्या आहेत. वय आहे, विजार आहे, नाव नाही.

आणि गंमत अशी की हाच पुश्किन त्याच १८३६ साली, आपलं स्मारक वगैरे विषयावरच्या कवितेत, लिहितो की माळावरचा मित्र कल्मिकसुद्धा माझं नाव घेईल. घेतात की. कल्मिकांच्या शाळांमधून पोरांना पुश्किन शिकवला गेला. त्यांच्या तोंडी त्याचं नाव राहिलं आणि त्याच्या पुस्तकात तिच्या नावाच्या फुल्या.

मला यात पुश्किनला धोपटायचं नाहीये, त्याने निदान विचारलं तरी. पण कल्मिकांच्या रोजच्या जगण्याचा जुना पुरावा बराचसा असाच आहे, बाहेरून आलेल्याच्या जिभेवरून गेलेला. अठराव्या शतकात पल्लास आला, रशियन अकादमीच्या मोहिमेवर. १८०२-०३ मध्ये बेर्गमान नावाचा माणूस त्यांच्यात जाऊन राहिला. १८५२ ला नेबोल्सिन, १८९३ ला झितेत्स्की, या दोघांच्या तर पुस्तकांच्या नावातच 'बित' हा रशियन शब्द आहे, बित म्हणजे राहणीमान, रोजचा व्यवहार, घर-संसार. मेहनती माणसं होती. त्यांनी लिहिलं नसतं तर चामड्याची भांडी कशी करायचे, दुधाची दारू कशी गाळायचे, हे आज कळलं नसतं. पण वाचताना सारखं जाणवतं की काय बघायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. साधं बघा, प्रवासी हमखास लिहितात की कल्मिक पुरुष आळशी आणि बायका मरमर राबतात, कारण तंबू उभारणं, उतरवणं, नमदा करणं, दूध, शिवण सगळं बायकांकडे. आता हा माणूस आला कधी, तर उन्हाळ्यात. बसला कुठे, तर तंबूत. हिवाळ्यात बर्फाच्या वादळात घोड्यांचा कळप सांभाळायला रात्रभर बाहेर कोण होतं ते त्याला दिसणार कसं? बायका राबत होत्या हे खरंच, ते मी खोडत नाहीये. पण घराच्या आत बसून अर्धंच घर दिसतं.

सरकारी कागदांचं आणखी वेगळं. झारच्या कारकुनांना माणूस मोजायचाच नव्हता, ते तंबू मोजायचे. किबित्का. कर किबित्कावर, गणती किबित्काची. म्हणजे सरकारच्या वहीत घर हाच आकडा, आणि घराच्या आत काय चाललंय त्याचं सरकारला काही पडलेलं नाही. सून आहे का, शिष्य म्हणून मठात पाठवलेला पोरगा आहे का, नोयोनाच्या, म्हणजे त्यांच्या सरदाराच्या, वेठीला कोण गेलंय, काही नाही. आणि ही वेठ काय फार जुनी गोष्ट नाही, साध्या कल्मिकांची सरदारांच्या ताबेदारीतून कायद्याने सुटका झाली १८९२ ला. तोवर "मुक्त भटक्या जीवनाचा" वारा सगळ्यांना सारखाच लागत नव्हता.

म्युझियममध्ये मात्र सगळ्यांचा तंबू एकच असतो. पांढरा नमदा, आत रंगीत पेट्या, दारासमोर देवाची जागा, पुरुषांची बाजू, बायकांची बाजू, मेणाची बाई डोक्याला टोपी आणि दोन्ही वेण्यांवर काळ्या मखमलीच्या पिशव्या घालून उभी, त्या पिशव्यांना शिवरलिग म्हणतात, लग्न झालेल्या बाईची खूण. छान. पण एकोणिसाव्या शतकात गुरं मेली की गरीब कल्मिक अस्त्राखानच्या मासेमारीवर मजुरीला जायचा, रशियन मालकाकडे, मासे कापायला, खारवायला, बाया-पोरं सगळी. बास्कुनचाकच्या मिठाच्या तळ्यावर जायचा. हातांना मिठाच्या भेगा. ते कुठल्या काचेच्या पेटीत आहे? डॉन नदीच्या काठचे कल्मिक तर कोसॅक म्हणून, म्हणजे झारचे घोडेस्वार शिपाई म्हणून, पलटणीत होते, गावं करून घरांत राहायचे, त्यांचा पोशाखच वेगळा. मग त्यांना काय कमी कल्मिक म्हणायचं? "खरी परंपरा" म्हणून एक साल पकडलं, त्यातही एक श्रीमंत तंबू पकडला, बाकीचं सगळं "ऱ्हास" म्हणून टाकून दिलं की झालं. आपल्याकडेही हे चालतं म्हणा, पैठणी परंपरा आणि गिरणगावातली खानावळ मात्र नुसती "सामाजिक परिस्थिती".

पण सगळ्यात मोठी चोरी पुढे आहे.

२७ डिसेंबर १९४३ ला मॉस्कोत हुकूम निघाला, कल्मिकांचं प्रजासत्ताक रद्द. २८ तारखेला पहाटे घराघरात शिपाई. आरोप असा की जर्मनांना मदत केली. काहींनी केली होती, जर्मनांच्या बाजूने लढणारं कल्मिक घोडदळ होतं हे खरंय, आणि त्याच्या उलट डॉनच्या काठी लाल सैन्याची ११० वी कल्मिक घोडदळ डिव्हिजन लढून झिजली हेही खरंय. शिक्षा मात्र सगळ्यांना, पाळण्यातल्या पोरासकट. दोन दिवसांत ९३ हजारांवर माणसं अमेरिकेतून आलेल्या स्टुडबेकर ट्रकांनी स्टेशनावर आणि तिथून गुरांच्या डब्यांतून सायबेरियाला. अल्ताई, क्रास्नोयार्स्क, ओम्स्क, नोवोसिबिर्स्क. सैन्यात लढत असलेल्या कल्मिकांनाही १९४४ मध्ये आघाडीवरून काढून उरलमध्ये धरणाच्या कामावर जुंपलं. एलिस्ताचं नाव बदलून स्तेपनोय केलं. १३ वर्षं हे चाललं. १९३९ च्या जनगणनेत कल्मिक सुमारे १ लाख ३४ हजार होते, १९५९ ला १ लाख ६ हजार. वीस वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली.

आता सांगा, ही १३ वर्षं कल्मिकांचं "रोजचं जगणं" आहे की नाही? पुस्तकांच्या रचनेत ती राजकीय इतिहासाच्या धड्यात जातात, हुकूम, आकडे, संपलं. आणि "राहणीमान" या धड्यात परत तंबू. जसं काही त्या १३ वर्षांत कोणी जेवलंच नाही, कोणाचं लग्न झालं नाही, कोणी कपडे धुतले नाहीत.

झालं ना सगळं. दर महिन्याला कमांडंटकडे, म्हणजे हद्दपारांवर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाऊन सही करायची की मी इथेच आहे. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, आणि १९४८ पासून पळून गेलं तर २० वर्षं सक्तमजुरी. म्हणजे बहीण पलीकडच्या गावात दिली असेल तर तिच्या बाळंतपणाला जायला कागद लागणार. हा राजकीय इतिहास आहे की घरगुती? हद्दपारीच्या यादीतसुद्धा घरच शिरलं होतं बघा, कल्मिक बाईने दुसऱ्या जमातीच्या माणसाशी लग्न केलं असेल तर ती सुटली, आणि रशियन बाई कल्मिकाची बायको असेल तर ती नवऱ्याबरोबर डब्यात. कोणाच्या घरी कोण नांदतंय यावर कोण सायबेरियाला जाणार ते ठरलं. म्हणूनच मला ते "सॉफ्ट हिस्टरी", "किचन हिस्टरी" असले शब्द ऐकले की डोक्यात जातं.

त्या काळाच्या आठवणी लोकांनी सांगितल्यात, एल्झा-बाइर गुचिनोवा या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर मोठं काम केलंय, केंब्रिज विद्यापीठाच्या एका प्रकल्पाने २०१४ पासून पुढे कल्मिक म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे शेकडो व्हिडिओ करून फुकट बघायला ठेवलेत. या आठवणींमध्ये काही गोष्टी परत परत येतात. स्थानिक लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की नरभक्षक येतायत, त्यामुळे ते आधी घाबरलेले. वाटेत मेलेल्यांना स्टेशनावर उतरवून ठेवायचे. आणि शिवणाचं मशीन. कोणीतरी शिपाई बरा निघाला, म्हणाला गरम कपडे घ्या, मशीन घ्या, आणि ज्यांनी ते घेतलं त्यांनी सायबेरियात लोकांचे कपडे शिवून बटाटे मिळवले आणि जगले.

हे मी आईला सांगितलं. तिने लगेच विचारलं, "हाताचं की पायाचं?"

मी म्हटलं म्हणजे? तर म्हणाली अरे पायाचं मशीन असेल तर स्टँडसकट ट्रकमध्ये कोण चढवू देणार, लोखंडी असतो तो, नुसतं वरचं डोकं काढून पोत्यात घालावं लागेल, आणि मग तिकडे जाऊन ते चालवायचं कशावर? हाताचं असेल तर ठीक, पण हाताच्या मशीनवर एक हात चाकात अडकतो, जाड कापड ओढायला दुसरं माणूस लागतं, मग शिवायला पोरगी बसवली असेल शेजारी. आणि सुया? मशीनची सुई मोडली तर तिकडे कुठून आणायची?

मी गप्प. इतकं वाचलं होतं आणि मशीन हे माझ्या डोक्यात एक प्रतीक होतं, "जगण्याच्या जिद्दीचं" वगैरे. आईच्या डोक्यात ते बारा-तेरा किलोचं लोखंड होतं. म्हणून माझं म्हणणं की कल्मिकांचा असा इतिहास गोळा करायचा तर प्रश्न विचारणाऱ्यांत शिंपी हवेत, धनगर हवेत, सुईणी हव्यात, नुसते पीएचडीवाले पुरे पडणार नाहीत. ज्याने नमदा कधी पायाखाली तुडवला नाही तो नमदा करणाऱ्या बाईला काय विचारणार, "तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?"

यावर लोक काय म्हणतात तेही ठाऊक आहे. एका मित्राने, तो इतिहासच शिकवतो, मला सरळ सांगितलं की आजीबाईंच्या आठवणी म्हणजे पुरावा नाही, सगळ्यांच्याच गोष्टीत तो एक चांगला शिपाई येतो, सगळ्यांनाच त्याने मशीन घ्यायला सांगितलं, असं असतं का? एकाने सांगितलं, दुसऱ्याने ऐकलं, तिसऱ्याची स्वतःची आठवण झाली. बरोबर आहे त्याचं. असं होतं. पण मग दुसऱ्या बाजूला कमांडंटची वही आहे, ती काय निर्मळ पुरावा आहे? तिच्यात सह्या आहेत, भूक नाही. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचायचं ना. आणि समजा तो शिपाई सगळ्यांच्या घरी आला नव्हता, तरी इतक्या लोकांना तो आपल्या घरी आला असं वाटावं, त्याची गरज पडावी, हेच एक कळण्यासारखं आहे. ज्या देशात पुढे त्याच शेजाऱ्यांबरोबर राहायचंय तिथे एक तरी शिपाई चांगला असावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो मला पटतोसुद्धा. तो असा की रोजच्या जगण्याचा इतिहास हा सत्तेला सोयीचा विषय आहे. सोव्हिएत काळात हेच झालं. १९५७ ला कल्मिक परत आले, कित्येकांच्या घरात दुसरेच लोक राहत होते, आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं हद्दपारीवर जाहीर बोलायची सोय नव्हती. पण लग्नाच्या चालीरीती, पोशाख, खाणं-पिणं यावर अभ्यास चालू होते, छापून येत होते. बितवर लिहा हवं तेवढं. चहा किती चवदार ते लिहा, चहा १३ वर्षं का मिळाला नाही ते लिहू नका. आजही वारं फार वेगळं नाही. २८ डिसेंबर हा कल्मिकांचा हद्दपारीच्या स्मरणाचा दिवस, आणि २०२१ च्या नेमक्या २८ डिसेंबरला रशियाच्या सुप्रीम कोर्टाने 'मेमोरियल' ही संस्था बंद करायचा निकाल दिला, जी संस्था स्टालिनच्या काळातल्या दडपशाहीच्या नोंदी जमवत होती. तारीख मुद्दाम निवडली असं मी म्हणत नाही. पण एलिस्तात त्या दिवशी दिवे लावणाऱ्यांना ती कशी लागली असेल.

मग यातून मार्ग काय, तर चहा सोडायचा नाही, चहाला धरूनच पुढे जायचं. म्हणजे कोणी म्हणालं की जोंबा, त्यांचा तो मिठाचा चहा, आमची परंपरा, तर विचारायचं की १९४४ च्या फेब्रुवारीत काय प्यायलात? कढई कोणती होती, बरोबर आणलेली की तिथे मिळालेली? पहिला घोट, देजी म्हणतात त्याला, देवाला ठेवायची रीत आहे, मग बराकीत देव कुठे होता, पेटीच्या तळाशी का, आणि पोरांना त्याचं काय सांगितलं होतं? झूल नावाचा त्यांचा सण असतो, साधारण डिसेंबरातच येतो, त्या दिवशी सगळेच एकदम एक वर्षाने मोठे होतात, कणकेची छोटी नाव करून तिच्यात वयाच्या हिशोबाने काड्यांच्या वाती लावून पेटवतात. ज्या साली कणीकच नव्हती त्या साली वय कसं वाढवलं? असे प्रश्न विचारले की परंपरेचा विषय आपोआप कमांडंटच्या दारात जाऊन उभा राहतो. त्याला वेगळं राजकारण आणावं लागत नाही.

भाषेचंही असंच. १६४८ मध्ये झाया पंडित नावाच्या भिक्षूने ओइरातांसाठी स्वतंत्र लिपी केली, तोदो बिचिग, स्पष्ट लिपी. १९२४ ला ती जाऊन रशियन लिपी आली, १९३० ला रोमन, १९३८ ला परत रशियन. म्हणजे चौदा वर्षांत तीनदा. आजीने लिहिलेली चिठ्ठी नातीला वाचता येत नाही, आपल्याकडे मोडीचं झालं तेच, फक्त आपल्याला निदान घाई नव्हती. वर सायबेरियात पोरं रशियन शाळेत गेली आणि रशियन बोलतच मोठी झाली. आता युनेस्कोच्या यादीत कल्मिक भाषा धोक्यात आलेल्या भाषांमध्ये आहे. त्यामुळे मुलाखती रशियनमध्ये होतात तेव्हा बरंच गळतं. एक उदाहरण देतो. कल्मिक सुनेने सासरच्या थोरांची नावं घ्यायची नाहीत, नुसती नावं नाहीत तर त्या नावाशी जुळणारे साधे शब्दसुद्धा टाळायचे आणि त्याजागी दुसरे शब्द वापरायचे अशी रीत होती. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही, माझ्या आईने बाबांचं नाव आयुष्यात उखाण्यातच घेतलं. पण त्या टाळण्यातून बायकांचा जो शब्दसाठा तयार झाला तो रशियनमध्ये विचारलं तर कसा निघेल? तो म्हातारीबरोबर जाणार.

आणि हे कल्मिकांचं कल्मिकांनी बघावं, मराठी माणसाने कशाला, असं म्हणाल तर त्यांच्या नावांकडे बघा. बादमा म्हणजे पद्म, ओचिर म्हणजे वज्र, एर्दनी म्हणजे रत्न, सगळं बौद्ध धर्माबरोबर संस्कृतातून फिरत फिरत तिकडे गेलेलं. त्यांच्या धर्मगुरूचं पद शाजिन लामा, त्यातलं शाजिन म्हणजे आपलं शासन. आणि आजही कल्मिक मुलं भिक्षू व्हायला येतात ती हुबळीपासून पन्नास-एक किलोमीटरवर, मुंडगोडला, द्रेपुंग गोमांग मठात. बेळगाव-धारवाडकडच्या लोकांनी त्या रस्त्याने शंभरदा गाडी नेली असेल. तेलो तुल्कू रिनपोछे हे जे कल्मिकियाचे शाजिन लामा होते तेही तिथेच शिकले, जन्म १९७२ चा, तोही अमेरिकेत, फिलाडेल्फियात, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर काही कल्मिक जर्मनीतल्या छावण्यांमधून १९५१-५२ मध्ये अमेरिकेत गेले. २०२३ च्या जानेवारीत रशियाने त्यांना 'परकीय एजंट' ठरवलं आणि त्यांनी पद सोडलं. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात न्यू जर्सीकडची कल्मिक वस्ती, मुंडगोडचा भात-आमटी आणि एलिस्ताचा मिठाचा चहा. याला "दूरचा विषय" म्हणायचं असेल तर म्हणा.

कल्मिकांची एक म्हण आहे, चहा पातळ असला तरी अन्नात पहिल्या मानाचा, कागद पातळ असला तरी विद्येचं वाहन. मूळ भाषेत दोन्ही पातळांना वेगळे शब्द आहेत, चहाला पाण्यासारखा पातळ आणि कागदाला जाडी नसलेला पातळ, मराठीत मात्र दोन्हीकडे एकच शब्द चालून जातो, हे भाषांतर करताना लक्षात आलं आणि उगाच बरं वाटलं. इतिहासवाले दुसऱ्या अर्ध्यावरच बसलेत, कागदावर. पहिलं अर्धं कढईत उकळतंय तिकडे लक्ष नाही, आणि ज्यांच्या हातात ती पळी होती त्या सायबेरिया बघितलेल्या बायका आता नव्वदीच्या आसपास आहेत. पन्नास वर्षांनी निधी मंजूर होऊन काय उपयोग.

आईला पुश्किनचा किस्सा सांगितला तेव्हा तिला ते मुक्याचं आणि वाद्य डोक्यात घातल्याचं फार आवडलं, खूप हसली. फुल्यांचं सांगितलं त्यावर काही बोलली नाही. थोड्या वेळाने भांडी घासताना आतूनच म्हणाली, "स्वतःसाठी शिवत होती म्हणाली ना ती? मग कापड कोणी आणून दिलं तिला?"